निळ्या दिव्याची पंचाण्णव टक्के बचत

दातातली कीड कोरून काढली की त्या खड्ड्यात दाताच्याच रंगाचा, लुकणासारखा मऊ पदार्थ भरतात. मग दंतवैद्य जाड पेनाच्या आकाराचे एक उपकरण दाताजवळ धरतात, झगझगीत निळा प्रकाश पडतो आणि वीस-चाळीस सेकंदांत ते लुकण दगडासारखे घट्ट होते. पूर्वी या उपकरणात हॅलोजनचा दिवा असे, आता बहुतेक ठिकाणी एलईडी असतो. उपकरणांच्या माहितीपत्रकांत आणि 'पर्यावरणस्नेही दवाखाना कसा असावा' हे सांगणाऱ्या लेखनात या बदलाविषयी एक विधान वारंवार भेटते. हॅलोजनऐवजी एलईडी वापरला की विजेची नव्वद टक्क्यांहून अधिक बचत होते, म्हणून हा दिवा पर्यावरणाला उपकारक, असे ते विधान.

या विधानाचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र त्यातून निघत नाही. शिवाय बचतीचे हे कौतुक चुकीच्या दिशेने ताणले तर रुग्णाच्या दाताचे नुकसान होऊ शकते. हे सारे आठवी-नववीच्या गणिताने दाखवता येते, म्हणून वर्गात चर्चेला घेण्याजोगे हे चांगले उदाहरण आहे.

दिवा बदलल्याने काय साधले?

प्रथम एलईडीचे श्रेय एलईडीला देऊ. दातात भरायच्या पदार्थात, म्हणजे कॉम्पोझिटमध्ये, काचेसारखी बारीक पूड आणि एकवारिक रेणूंचे चिकट मिश्रण असते. त्यात अल्प प्रमाणात कॅम्फोरक्विनोन नावाचे पिवळसर रसायन मिसळलेले असते. ते निळा प्रकाश शोषते, आणि सर्वांत जास्त शोषते ४६८ नॅनोमीटरच्या आसपास. प्रकाश शोषला की त्याच्या साहाय्याने मुक्त मूलके तयार होतात, ती एकवारिकाचे रेणू एकमेकांना जोडत जातात आणि चिकट मिश्रणाचे घट्ट बहुवारिक बनते.

म्हणजे गरज आहे ती फक्त निळ्या प्रकाशाची. हॅलोजनच्या दिव्यात टंगस्टनची तार तापून सुमारे तीन हजार अंश केल्व्हिनला जाते. या तापमानाला तारेतून बाहेर पडणारी बहुतेक ऊर्जा अवरक्त असते, म्हणजे नुसती उष्णता. जो दृश्य प्रकाश मिळतो त्यातला पिवळा, तांबडा भाग गाळणीने अडवावा लागतो. उरलेली उष्णता घालवायला पंखा लागतो. सर्व रंगांचे कापड विकत घेऊन निळे तेवढे ठेवावे आणि बाकीचे जाळून टाकावे, असा हा व्यवहार होता.

गॅलियम नायट्राइडच्या निळ्या एलईडीने तो बदलला. भरपूर प्रकाश देणारा निळा एलईडी १९९३ च्या सुमारास जपानमध्ये तयार झाला. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना त्यासाठी २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. दंतवैद्यकात हा एलईडी वापरण्याची कल्पना १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये मांडली गेली आणि २००० च्या सुमारास अशी उपकरणे बाजारात आली. एलईडी मुळात निळाच प्रकाश देतो, त्यामुळे गाळणी नको, दिव्यांची वारंवार अदलाबदल नको, आणि उपकरण बॅटरीवर चालू शकते.

या शेवटच्या गुणाचे महत्त्व आपल्याकडच्या लहान गावांतल्या दंतवैद्यांना सांगायला नको. तारेच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजवर फार अवलंबून असतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. व्होल्टेज स्थिर ठेवण्याची योजना नसलेला हॅलोजनचा दिवा भर दुपारी एक काम करी आणि संध्याकाळी दुसरेच. बॅटरीवरच्या एलईडीने ही चिंता बरीच कमी केली. माझ्या मते दिवा बदलण्याचे खरे समर्थन हे आहे. वीजबचत हे नव्हे.

आता हिशोब

एका खुर्चीचा, रोज दहा दात भरणारा दवाखाना घेऊ. आकडे सोयीसाठी सरासरीच्या जवळचे धरू. कॉम्पोझिट एकदम न भरता दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी भरतात, म्हणून दर दाताला चार वेळा दिवा लावला असे मानू. दिवसाला चाळीस वेळा झाले.

हॅलोजनचा दिवा, पंखा आणि ट्रान्सफॉर्मर मिळून १०० वॅट धरू. दर वेळी तो ४० सेकंद लावावा लागतो. दिवसाचे १६०० सेकंद, म्हणजे १,६०,००० ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. तेव्हा हा खर्च ०.०४४ युनिट झाला.

एलईडीचे उपकरण १० वॅट घेते आणि दुप्पट तीव्र प्रकाश देते म्हणून २० सेकंद पुरतात असे धरू. दिवसाचे ८०० सेकंद, म्हणजे ८,००० ज्यूल. युनिटमध्ये ०.००२. खर्च विसाव्या हिश्श्यावर आला. बचत ९५ टक्के! माहितीपत्रक खोटे बोलत नाही.

पण ९५ टक्के कशाचे? रोजची बचत १,५२,००० ज्यूलची आहे. त्याच दवाखान्यात दीड टनाचा वातानुकूलक असेल तर त्याचा कॉम्प्रेसर चालू असताना सुमारे १५०० वॅट घेतो. १,५२,००० ला १५०० ने भागा. उत्तर येते १०१ सेकंद. वर्षानुवर्षे गाजवलेली ही बचत म्हणजे वातानुकूलक दिवसातून पावणेदोन मिनिटे कमी चालवणे.

बाकीचा दवाखानाही पाहू. वातानुकूलकाचा कॉम्प्रेसर आठ तासांपैकी निम्मा वेळ चालला तर सहा युनिटे. ड्रिलला हवा पुरवणारा एक अश्वशक्तीचा एअर कॉम्प्रेसर दिवसभरात एकूण दोन तास चालला तर दीड युनिट. हत्यारे निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हच्या तीन फेऱ्यांना सव्वादोन युनिटे. खुर्चीवरचा दिवा, पंखे, ट्यूब, संगणक यांची दोन. बेरीज पावणेबारा युनिटे. त्यात निळ्या दिव्याची बचत ०.०४२ युनिटाची. हजारात साडेतीन एवढा तिचा वाटा. एकाच बचतीला 'पंचाण्णव टक्के' म्हणता येते आणि 'अर्ध्या टक्क्याहूनही कमी' असेही म्हणता येते. दोन्ही विधाने बरोबर आहेत, छेद तेवढा निराळा आहे. माहितीपत्रक कोणता छेद निवडते हे सांगायला नको.

एलईडीला वीज वाचवणारा म्हणून जो मान मिळाला तो घरांतल्या आणि रस्त्यांवरच्या दिव्यांमुळे, आणि तिथे तो अगदी रास्त आहे. आपल्याकडे २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेमागचा विचार हाच होता. घरातला ६० वॅटचा पिवळा बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी लावला आणि तो रोज पाच तास जळला तर दिवसाला पाव युनिट वाचते. स्वयंपाकघरातला एक बल्ब निळ्या दिव्याच्या सहापट वीज वाचवतो. कारण उघड आहे. घरातला दिवा पाच तास जळतो, दंतवैद्याचा निळा दिवा तेरा मिनिटे. ऊर्जा म्हणजे शक्ती गुणिले वेळ. गुणाकारातली एक संख्या नगण्य असताना दुसरीत कितीही सुधारणा केली तरी हाती फारसे काही लागत नाही.

आणखी एक गंमत पाहा. बॅटरीचे उपकरण काम नसताना चार्जिंगच्या बैठकीवर ठेवलेले असते आणि ती बैठक बहुधा चोवीस तास चालू असते. ती नुसती एक वॅट घेत असली तरी दिवसाचे ०.०२४ युनिट झाले. निळ्या प्रकाशासाठी लागणाऱ्या विजेच्या दसपटीहून जास्त! वर्षाचा हिशोब केला तर ३०० दिवस चालणारा हॅलोजन १३.३ युनिटे घेतो आणि एलईडी ०.७. मात्र वर्षभर चालू राहिलेली बैठक आणखी ८.८ घेते. पंचाण्णव टक्क्यांची बचत तीस टक्क्यांच्या आत येते. रात्री बटण बंद करणे ही गोष्ट इतकी साधी आहे की ती कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही.

सेकंदांची काटकसर

इथवरचा दोष अतिशयोक्तीचा होता. एवढ्यावर थांबता आले असते, पण ऊर्जेच्या आणि वेळेच्या बचतीचे कौतुक हळूच प्रकाशाच्या मात्रेपर्यंत जाऊन पोहोचते. वीसऐवजी दहा सेकंद, दहाऐवजी पाच, काही ठिकाणी तीन. इथे रुग्णाचा संबंध येतो.

दोन मिलिमीटरच्या थराला साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला १६ ज्यूल प्रकाश मिळावा असा एक ढोबळ दंडक आहे. पदार्थागणिक तो कमीजास्त होतो. ४०० मिलिवॉट गुणिले ४० सेकंद म्हणजे १६ ज्यूल, ८०० गुणिले २० म्हणजेही १६. मग १६०० मिलिवॉटला १० सेकंद आणि ५३०० ला ३ सेकंद का पुरू नयेत?

कारण साखळी थांबण्याचेही एक गणित आहे. दोन मुक्त मूलके एकमेकांना भेटली की दोघांच्याही साखळ्या तिथेच संपतात. प्रकाश चौपट केला तर दर सेकंदाला चौपट मूलके जन्मतात. पण मूलकांची गर्दी वाढली की त्यांच्या गाठीभेटी गर्दीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. परिणामी साखळ्या वाढण्याचा वेग चौपट होत नाही, दुप्पटच होतो. तो तीव्रतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. चौपट प्रकाश पाव वेळ दिला तर या आदर्श गणिताने जोडणी निम्मीच होते. प्रत्यक्षात घट्ट होत जाणाऱ्या पदार्थात मूलके सहज हलू शकत नाहीत. म्हणून फरक इतका मोठा पडत नाही आणि तो पदार्थावर अवलंबून असतो. खास अल्पवेळेसाठी बनवलेले काही नवे पदार्थही आहेत. पण 'तीव्रता वाढवा, वेळ तितक्याच पटीने कमी करा' हा नियम सर्वत्र लागू पडत नाही, एवढे निश्चित.

अपुरा प्रकाश मिळालेले कॉम्पोझिट ओळखता येत नाही ही याहून मोठी अडचण आहे. प्रकाश वरून येतो, म्हणून वरचा पृष्ठभाग आधी घट्ट होतो. दंतवैद्याने हत्याराने टोचून पाहिले तर कठीणच लागते. खालचा, दाताला चिकटायचा भाग मात्र अर्धवट राहिलेला असतो. चांगल्या परिस्थितीतही सगळी एकवारिके जोडली जात नाहीत. जोडणीचे प्रमाण साधारण ५० ते ७० टक्क्यांत असते. ते आणखी घटले तर भरलेला भाग लवकर झिजतो, दाताशी असलेला सांधा सुटतो आणि त्या फटीत पुन्हा कीड लागते. खुर्चीवरून उठताना रुग्णाला यातले काही कळत नाही. कळते ते वर्षा-दोन वर्षांनी, दात पुन्हा ठणकू लागल्यावर.

दुसऱ्या टोकालाही धोका आहे. एलईडीचा प्रकाश 'थंड' असतो हा समज चुकीचा आहे. त्यात अवरक्त भाग कमी असतो एवढेच. दाताने शोषलेला निळा प्रकाश शेवटी उष्णताच होतो. दाताच्या मध्यभागी जिवंत गर असतो. १९६५ मध्ये माकडांवर झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात गराचे तापमान ५.५ अंश सेल्सियसने वाढल्यावर सुमारे १५ टक्के दातांचा गर मेला होता. तेव्हा दिवा जितका प्रखर असेल, तितके वेळेचे आणि अंतराचे भान अधिक हवे.

खोक्यावरचा आकडा

या प्रखरतेच्या स्पर्धेत जो आकडा पुढे केला जातो तोही तपासून घ्यायला हवा. समजा, दिव्यातून एकूण ६०० मिलिवॉट प्रकाश बाहेर पडतो. टोकाचा व्यास ८ मिलिमीटर असेल तर क्षेत्रफळ अर्धा चौरस सेंटिमीटर भरते आणि तीव्रता होते सुमारे १२०० मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटर. आता टोक ६ मिलिमीटरचे करा. प्रकाश तेवढाच, पण क्षेत्रफळ ०.२८ वर आले आणि आकडा २१०० च्या पुढे गेला. एका कणानेही प्रकाश न वाढवता दिवा 'अधिक शक्तिशाली' झाला. दाढेचा खड्डा मात्र तेवढाच रुंद आहे. आता त्याच्या कडा प्रकाशाबाहेर राहतात.

शिवाय हा आकडा टोकाशी मोजलेला असतो. दाढेच्या खड्ड्याचा तळ टोकापासून सहा-सात मिलिमीटर खोल असू शकतो आणि तिथवर पोहोचताना प्रकाश पसरतो. किती घटतो ते दिव्याच्या रचनेवर ठरते. दिवा तिरका धरला, हात हलला, टोकावर आधीचे कॉम्पोझिट चिकटलेले राहिले, तर आणखी घट. निरनिराळ्या देशांत दवाखान्यांतल्या दिव्यांच्या पाहण्या झाल्या आहेत. अपुरा प्रकाश देणारे दिवे त्यांत बऱ्याच संख्येने आढळले, आणि अनेकदा ते वापरणाऱ्याला त्याची कल्पनाही नव्हती. दिव्याचा प्रकाश मोजणारे छोटे मापक मिळते. दर महिन्याला त्यावर दिवा धरून आकडा वहीत लिहिणे, ही सवय नव्या दिव्याच्या जाहिरातीपेक्षा जास्त मोलाची आहे.

बचत खरोखर कुठे आहे?

इंग्लंडमधल्या सरकारी दंतसेवेच्या कार्बन-उत्सर्जनाचा एक अंदाज २०१७ मध्ये 'ब्रिटिश डेंटल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ६५ टक्के वाटा रुग्णांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या प्रवासाचा होता, १९ टक्के खरेदी केलेल्या वस्तूंचा आणि १५ टक्के इमारतींत वापरलेल्या ऊर्जेचा. तिथले हवामान आणि प्रवासाच्या सवयी वेगळ्या आहेत, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे इथे आणू नयेत. पण त्यातले तत्त्व इथेही पडताळता येते.

वर्षाला १२.६ युनिटे वाचली असे उदारपणे धरू, चार्जिंगची बैठक विसरू. आपल्या देशात एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वर्षाची बचत झाली पावणेनऊ किलोंच्या आसपास. आता शेजारच्या गावाहून स्कूटरने येणारा रुग्ण घ्या. जाऊन-येऊन २० किलोमीटर. लिटरला ४५ किलोमीटर धरले तर त्याला ०.४४ लिटर पेट्रोल लागते आणि त्यातून एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे दिव्याची वर्षभराची बचत नऊ खेपांत संपते. रोज दहा या हिशोबाने वर्षाला तीन हजार दात भरले जातात. त्यांतले नऊ जरी घाईच्या प्रकाशामुळे पुन्हा भरावे लागले, तरी सगळे मुसळ केरात. यात रुग्णाची बुडालेली मजुरी धरलेली नाही. दुसऱ्यांदा कोरताना कायमचा गेलेला दाताचा भागही नाही, आणि त्याची तर कोणत्याच युनिटात भरपाई नाही.

म्हणून दंतवैद्याने वीज वाचवावी, पण ती वातानुकूलकाच्या तापमानात, एअर कॉम्प्रेसरच्या गळक्या नळ्यांत, अर्धा रिकामा फिरणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये आणि रात्रभर चालू राहणाऱ्या बटणांत शोधावी. अर्थात ऑटोक्लेव्ह भरून चालवायचा, टाळायचा नाही. निळ्या दिव्याच्या सेकंदांना हात लावू नये. तिथे दाताला एका वेळी जेमतेम आठ ज्यूल प्रकाश मिळतो. एक किलोचे वजन टेबलाच्या उंचीइतके उचलायला तेवढी ऊर्जा लागते. त्यात काटकसर करण्यासारखे काही नाही. आणि सर्वांत मोठी बचत तर दवाखान्याच्या बाहेर, शाळेतच आहे. फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन वेळा दात घासणाऱ्या आणि येताजाता गोड न खाणाऱ्या मुलाचा जो दात कधी भरावाच लागत नाही, त्याला ना वीज लागते ना पेट्रोल.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. ऊर्जेच्या पाठाच्या वेळी विद्यार्थ्यांना घरातल्या पाच उपकरणांच्या पट्टीवरचे वॅट आणि रोजच्या वापराची मिनिटे लिहून आणायला सांगा. गुणाकार करून उतरता क्रम लावू द्या. मग 'अमुक टक्के बचत' असे छापलेली एखादी जाहिरात फळ्यावर लिहा. ती बचत त्या यादीत कितव्या क्रमांकावर येते ते मुलांनीच शोधून काढावे.